नोटरीबाईंनी पैसे मागितले नव्हते

"नोटरीबाईंचा शिक्का सरकारने काढून घेतला, कारण त्या ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे खात होत्या," असं उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये आजही सांगतात. त्यांच्या अंत्ययात्रेतसुद्धा माझ्यामागून चालणारा एकजण हे दुसऱ्याला सांगत होता. मी मागे वळून म्हणालो, "खोटं आहे." तो म्हणाला, "काका, सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत आहे, कारण सगळ्यांना आम्हीच सांगितलं. बाईंविरुद्धच्या तक्रारीवर ज्यांच्या सह्या होत्या त्यांत मी एक. बाईंनी माझ्याकडे एक पैसा जास्त मागितला नव्हता. इतर कोणाकडेही नव्हता. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे ज्याला पुढे वाचायचं नसेल त्याच्याही हाती खरं लागेल. ज्यांना राग येईल त्यांनी तो खुशाल येऊ द्यावा. तक्रार करणाऱ्यांपैकी दोघे अजून आमच्याच गल्लीत बसतात. त्यांनाही हे वाचायला देणार आहे.

माझं रंगाचं दुकान होतं. दोन शटर सोडून एक गाळा होता, जीन्सच्या चेन आणि बटणं विकणाऱ्या एका सिंधी व्यापाऱ्याचा. त्यातला अर्धा भाग त्याने बाईंना भाड्याने दिला होता. मधे प्लायवूडचं पार्टिशन. इकडे प्रतिज्ञापत्रं, तिकडे पितळी बटणांचा खणखणाट. बाई राहायला अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला. वडील तिथल्याच एका कारखान्यात कामगार होते. सकाळी शेअर रिक्षाने यायच्या, रिक्षावाल्याशी भांडत उतरायच्या. भांडण नेहमी एकच: चौथा माणूस पुढे का बसवला.

शिक्का मिळाला त्या दिवशी माझ्याकडे आल्या त्या पांढऱ्या आणि काळ्या रंगाचे छोटे डबे घ्यायला. पाटी रंगवायची होती. मी म्हटलं, पेंटर देतो. म्हणाल्या, "नको. पेंटर अक्षरं सुंदर काढेल आणि मजकूर चुकवेल." दुसऱ्या दिवशी पाटी लागली. शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं सरळ अक्षर:

येथे लग्न लागत नाही.
येथे घटस्फोट मिळत नाही.
येथे घर विकले जात नाही.
माणूस आल्याशिवाय माणसाची सही होत नाही.

आणि खाली बारीक अक्षरात: बाकीचे विचारा.

मी म्हटलं, "बाई, दुकान चालवायचंय की बंद करायचंय?"

"हे दुकान नाही."

"मग काय आहे?"

"सरकारने विश्वास ठेवायला दिलेली जागा आहे. म्हणून तर अर्धीच आहे."

नोटरी व्हायला आधी काही वर्षं वकिली करावी लागते. बायकांना त्यात थोडी सवलत आहे. बाईंनी ती घेतली नाही, पुरुषांइतकीच वर्षं कल्याणच्या कोर्टात काढली आणि मग अर्ज केला. "उद्या कोणी म्हणायला नको, बाई आहे म्हणून लवकर शिक्का मिळाला." त्या अर्जावर परिसरातल्या प्रतिष्ठित माणसांच्या आणि एका व्यापाऱ्याच्या सह्या लागायच्या. व्यापारी म्हणून मी सही केली. घरी जाऊन बायकोला ऐटीत सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमच्या सहीवर सरकार चालायला लागलं? मग कठीण आहे." तेव्हा हसलो होतो.

अर्जानंतरच्या मुलाखतीत सरकारी साहेबांनी बाईंना नोटरीची कामं विचारली. बाईंनी सगळी सांगितली. शपथ देणे, दस्तावर सही झाली हे साक्षांकित करणे, खरी प्रत म्हणून दाखला देणे, भाषांतर तपासणे, हुंडी नाकारली गेली तर तशी नोंद करणे. साहेब पुढच्या उमेदवाराला बोलवायला लागले. बाई म्हणाल्या, "साहेब, एक राहिलं. जहाजाचं." वादळात जहाजाचं किंवा मालाचं नुकसान झालं तर कप्तान किनाऱ्यावरच्या नोटरीपुढे येऊन निवेदन देतो, ते तयार करणं हेसुद्धा कायद्याने नोटरीचं काम आहे. साहेब म्हणाले, "तुम्ही उल्हासनगरला बसणार ना?" बाई म्हणाल्या, "हो. पण काम माझं आहे ना?"

हे आम्हाला कळल्यावर आमच्या गल्लीला वर्षभराची करमणूक झाली. आमच्याकडे पाणी म्हणजे वालधुनी नदी, आणि तीही जीन्स धुणाऱ्यांच्या कृपेने निळी. बटणवाला त्यांना सिंधीत अदी, म्हणजे ताई म्हणायचा. तो पार्टिशनवरून ओरडायचा, "अदी! बाहर कप्तान साब आया है!" बाई आतून शांतपणे म्हणायच्या, "बिठाओ. जहाज़ के काग़ज़ लाया है क्या, पूछो." त्या थट्टा करत नव्हत्या. एखादा कप्तान खरंच आला असता तर बाई तयार होत्या. त्यांच्या टेबलाच्या खणात त्याचा कच्चा मसुदासुद्धा होता, मी पाहिलाय.

त्या कागद मोठ्याने वाचायला लावायच्या. ज्याला वाचता येत नाही त्याला स्वतः वाचून दाखवायच्या आणि विचारायच्या, "आता तुमच्या शब्दांत सांगा, कशावर सही करताय?" सांगता नाही आलं तर परत पहिल्यापासून. बाहेर रांग. "मॅडम, जरा फटाफट," म्हणणाऱ्याला हमखास शेवटचा नंबर. "सगळीकडे चालतं" हे वाक्य त्यांना विंचवासारखं चावायचं. कोणी म्हणालं की दाराकडे बोट. "सगळीकडे चालतं ना? मग इथून निघा आणि सगळीकडे जा."

खुद्द बटणवाला, म्हणजे त्यांचा जागामालक, एकदा कुठल्याशा दाखल्याची झेरॉक्स घेऊन आला, खरी प्रत म्हणून शिक्का हवा होता.

"ओरिजिनल?"

"घर पे है, अदी. मेरे पे भरोसा नहीं?"

"आप पे है. झेरॉक्स पे नहीं."

तो कॅम्प पाचला घरी गेला, उन्हातान्हातून मूळ कागद घेऊन आला आणि माझ्या दुकानात पाणी पिताना म्हणाला, "ये औरत मेरे को भी नहीं छोड़ती. और किराया मेरे को ही देती है!" पण सांगताना त्याची छाती फुगली होती. दुसऱ्या व्यापाऱ्यांना तो बाईंकडेच पाठवायचा. "उधर जाओ. वहाँ का सिक्का कोई काट नहीं सकता."

एक दिवस बदलापूरहून एक जोडपं आलं. पोरगी विशीतली, पोरगा तिच्याहून थोडा मोठा. हातात स्टँपपेपर. पोरगा म्हणाला, "मॅडम, फ्रेंड बोला इथे नोटरीवर लग्न होतं."

"पाटी वाचली?"

"वाचली. पण फ्रेंडचं झालं ना."

"तुझ्या फ्रेंडचं काहीच झालेलं नाही, त्याला जाऊन सांग. मी विवाह अधिकारी नाही. तिथे जा, रीतसर नोटीस द्या, महिनाभर थांबा."

पोरगी रडायला लागली. घरचे थांबू देणार नाहीत म्हणाली. आजूबाजूची माणसं विरघळली, मीसुद्धा. म्हटलं, "बाई, मारा ना एक शिक्का. पोरांचं भलं होईल."

बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. पोरीलाच म्हणाल्या, "उद्या हा म्हणाला की आपलं लग्न झालंच नव्हतं, तर माझा शिक्का घेऊन तू कोणाच्या दारात उभी राहशील? तेव्हा हे काका असतील का तिथे?" पोरीने डोळे पुसले. जाताना पोराने बाईंना एक शिवी दिली. पुढे त्यांचं काय झालं माहीत नाही. पेढे घेऊन परत आली असती तर गोष्ट गोड झाली असती. आली नाहीत.

आता माझी गोष्ट.

आमच्याकडे घरं नोटरीवर विकली जातात. बाहेरच्यांना हे खरं वाटणार नाही, पण निर्वासितांच्या जुन्या बराकीतल्या खोल्या, त्यांवर चढवलेले मजले, यांतल्या अनेकांची कागदपत्रं अशी की रजिस्टर ऑफिसात उभं राहता येत नाही. मग स्टँपपेपरवर करार, एक कुलमुखत्यारपत्र आणि त्यावर नोटरीचा लाल शिक्का. किल्ली हातात. हे इतकं रुळलंय की एजंट "नोटरीचं घर" असा प्रकारच सांगतात, जसं एक खोलीचं घर, तसं नोटरीचं घर. बाई असे विक्रीचे करार घ्यायच्या नाहीत. येणाऱ्याला बसवून सांगायच्या की ह्या शिक्क्याने घर तुमचं होत नाही, फक्त सही तुमची आहे एवढंच ठरतं. बऱ्याच जणांनी व्यवहार सोडले. एजंटांचा बाईंवर दात तेव्हापासून होता.

आईच्या माघारी तिची बराकीतली खोली मी आणि माझी धाकटी बहीण, आम्हा दोघांची. बहीण बदलापूरला. तिचा पाय मोडला होता, प्लास्टरमध्ये होती. मला गिऱ्हाईक मिळालं. बहिणीला फोन केला, ती म्हणाली, "बघू, दादा." आमच्या घरात बाईमाणसाच्या "बघू"चा अर्थ पुरुष लावतात. मी "हो" लावला.

तिच्याकडून माझ्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून घ्यायचं होतं. ते काम बाईंच्या अखत्यारीत होतं, फक्त बहीण समोर पाहिजे. एजंट म्हणाला, "काका, कोणीतरी बाई बसवा. पदर घ्यायला सांगा. कोण बघतंय?" मी माझ्या बायकोला घेऊन गेलो. होय, बायकोला बहीण म्हणून. ती नको म्हणत होती. मीच दटावलं.

बाईंनी तिला समोर बसवलं. बाईंनी तिला पूर्वी पाहिलेलं नव्हतं, ती दुकानात कधी यायची नाही. बाईंनी कागद वाचून दाखवला. आईचं नाव, माहेर, खोली कुठली, सगळं विचारलं. बायको चाळीस वर्षं त्या घरात नांदलेली, धडाधड उत्तरं दिली. माझा जीव भांड्यात पडला. मग ओळखपत्र बघायच्या आधी बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आता तुमच्या शब्दांत सांगा, भावाला काय अधिकार देताय?"

बायको गडबडली. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "अहो, सांगा ना!"

पार्टिशनपलीकडचा बटणांचा आवाज थांबला. बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"बहीण भावाला 'अहो' म्हणते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं."

रांगेतली माणसं खदखदून हसली. बटणवाला तर पार्टिशनवर डोकं काढून हसला. बायकोने पदर तोंडावर ओढला आणि बाहेर गेली. बाई हसल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, बहिणीला इथवर यायला जमत नाही का? कागदावर पत्ता बदलापूरचा आहे. मी बदलापूरला येते. रविवारी येते. त्यांच्या घरी बसून करू." माझ्यासाठी दार उघडंच ठेवत होत्या त्या. पण मी बहिणीसमोर कसा नेणार? तिने "हो" म्हटलंच नव्हतं.

मी ओरडलो, "तुम्ही समजता कोण स्वतःला?"

"नोटरी," बाई म्हणाल्या. "पुढचे या."

संध्याकाळपर्यंत काम झालं. स्टेशनबाहेर छत्रीखाली एक नोटरी बसायचा, त्याला आम्ही दोन मिनिटंवाला म्हणायचो. बहिणीच्या नावापुढे कोणाचा अंगठा आहे हे त्याने विचारलंही नाही. खोली विकली. बायको त्या रात्री एवढंच म्हणाली, "मला नेलंत ते नेलंत. मला त्यांच्यापुढे खोटं बोलायला लावलंत." बहिणीला कळायचं तेव्हा कळलं. ती कोर्टात गेली नाही. दर भाऊबीजेला येते, ओवाळते, ताटात घातलेलं निमूट उचलते आणि जाते. बोलत नाही. ओवाळताना माझ्या कपाळाकडे बघते, डोळ्यांकडे नाही.

माझा राग मात्र बाईंवर. आख्ख्या गल्लीत हसं झालं होतं. एजंट कागद घेऊन आले. बाई जास्त फी मागतात, गिऱ्हाइकांना अपमानित करतात, अशी तक्रार. म्हणाले, "काका, तुमचा तर अपमान झालाच आहे. अर्धं खरंच आहे." मी त्या अर्ध्या खऱ्यावर सही केली आणि अर्धं खोटं त्याखाली झाकलं गेलं.

चौकशी लागली. अधिकाऱ्यापुढे आम्हाला एकेक बोलावून शपथ दिली. बाईंनी वकील दिला नव्हता. त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि मला एकच प्रश्न विचारला.

"मी तुमच्याकडे जास्त पैसे मागितले?"

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं होतं आता उलटतपासणीत सोलून काढतील. 'अहो'ची गोष्ट सांगतील. माझी अब्रू जाईल. त्यांच्याकडे ती गोष्ट होती, बटणवाला साक्षीला यायला तयार होता. बाई अधिकाऱ्याला म्हणाल्या, "माझ्याकडे येणारा माणूस कशासाठी आला आणि का परत गेला, हे मी बाहेर सांगत नाही. ह्यांना आणखी काही विचारायचं नाही." आणि बसल्या. बाहेर बटणवाला हात जोडत होता, "अदी, बोल दे ना! बोल दे!" बाई म्हणाल्या, "घर जाओ, साईं. दुकान खुली है."

त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. शिक्का परत करावा लागला. आम्ही एजंटाच्या ऑफिसात चहा प्यायलो. त्या चहाची चव मला अजून आठवते, फार चांगली होती. हेही लिहितो.

आम्हाला वाटलं, बाई गाळा सोडतील. सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला रिक्षावाल्याशी भांडत उतरल्या. शिक्का नाही, पण टेबल तेच. लोक कागद घेऊन यायचे, बाई वाचून समजावून सांगायच्या आणि म्हणायच्या, "आता कोणाकडेही जा. पण बसून करा आणि वाचून करा." एजंटांना हे आणखी महागात पडलं. एकजण दारात जाऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं लायसन गेलंय, माहिताय ना?" बाई म्हणाल्या, "लायसन शिक्क्याला लागतं. अक्कल सांगायला नाही."

एकदा धीर करून मी गेलो. म्हटलं, "बाई, माझं चुकलं." त्यांनी वर पाहिलं. "तोंडी?" मग म्हणाल्या, "भाऊ, माझ्याविरुद्ध तुम्ही लेखी दिलंत. आता लेखीच द्या. शपथेवर." मी बरं म्हणालो आणि गेलो नाही. शपथेवर दिलेली साक्ष खोटी होती असं शपथेवर कबूल केलं तर काय होतं, हे मी दुसऱ्या वकिलाला विचारून आलो होतो. भीती वाटली. बाई वाट बघत होत्या का, ठाऊक नाही. मला दिसल्या की नमस्कार करायच्या, पुन्हा विषय काढला नाही. आणि ह्या वर्षी गेल्या.

अंत्ययात्रेतून आलो आणि लिहायला बसलो. बाईंनी पैसे मागितले नव्हते. मी खोटं बोललो. बायकोला बहीण म्हणून बसवलं. बहिणीने होकार दिला नव्हता. सगळं, नावांसकट. ते घेऊन मुद्दाम त्याच दोन मिनिटंवाल्याकडे गेलो. आता त्याची छत्री गेली, एसी ऑफिस आहे. त्याने शिक्का उचलला, आणि कागदावर स्वतःचं नाव दिसल्यावर थबकला. मग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या माहितीत त्याने पूर्ण वाचलेला हा पहिला कागद.

"काका, हे मी नाही करू शकत. ह्यात माझाच संबंध येतो."

"मग बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. बाईंनीही नकारच दिला असता.

"घरी ठेवा हो काका हे. आता त्या नाहीत. ह्या वयात पोलीस दारात आले तर?"

"आले तर चहा देईन."

मुलगा म्हणाला, "बाबा, वेड लागलंय का?" त्याला म्हटलं, उशिराच लागलं.

बदलापूरला गेलो. बहिणीच्या हातात कागद दिला. ती ओट्यापाशी उभी राहून वाचत होती. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तिने गॅस बंद केला, परत वाचायला लागली. मग चपला घातल्या आणि माझ्याआधी जिना उतरली. रिक्षावाल्याला नोटरीचं ऑफिस तिनेच सांगितलं.

तिथली नोटरी तरुण मुलगी होती. तिने माझ्याकडून कागद वाचून घेतला. मला मोठ्याने वाचावा लागला, पाच-सहा अनोळखी माणसांसमोर. मुलीने आधार कार्ड पाहिलं, फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, हे शिक्क्यासह चौकशी झाली त्याच कार्यालयात जाणार, त्या बाईंच्या फाइलला लागणार. परिणाम समजतात ना तुम्हाला?"

"समजतात."

"मग ओळख पटवायला एक माणूस लागेल. इथे ह्यांना ओळखणारं कोणी आहे?"

मी मान खाली घातली.

"मी आहे," बहीण म्हणाली. "मी ओळखते ह्याला. चांगलीच ओळखते."

मुलीने पेन उचललं. "नातं काय लिहू?"

बहिणीने कागद स्वतःकडे ओढला, माझी सही आहे तिथे एकदा बघितलं, आणि मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बहीण. खरी. असं लिहा."